डिसेंबरात सायकलवरून सातपुडा : तोरणमाळ, धडगाव, मोलगी

जळगावच्या एका ताईंचा प्रश्न असा आहे : त्या आणि त्यांचा धाकटा भाऊ डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सहा दिवसांचा सायकल दौरा करणार आहेत. जळगावहून चोपडा, शिरपूर, शहादा, तिथून तोरणमाळ, धडगाव, मोलगी, अक्कलकुवा आणि नंदुरबारहून रेल्वेने परत. दोघांकडे गिअरच्या सायकली आहेत आणि जळगाव ते अजिंठा लेणी व परत असं एका दिवसाचं अंतर त्यांनी केलेलं आहे. डोंगरात थंडी किती असते, तंबू न्यावा का, कपडे कोणते, आणि पुढच्या वर्षी हिमाचलातल्या स्पीतीला जायचं आहे तर याने त्याची तयारी होईल का, हे त्यांना विचारायचं आहे.

ताई, नक्की जा. खान्देशात राहून सातपुडा नुसता उत्तरेकडची निळी रेघ म्हणून बघत राहायचं, याचं मला कायम वाईट वाटतं. माझं शहाद्याला सायकल दुरुस्तीचं दुकान आहे आणि १९९६ पासून बहुतेक प्रत्येक हिवाळ्यात मी या डोंगरात सायकल घेऊन गेलो आहे. पण तुमचा आराखडा आहे तसा घेऊन निघू नका. त्यात सहापैकी दोन दिवस बऱ्हाणपूर–अंकलेश्वर रस्त्यावर जातात. हा रस्ता सातपुड्याच्या पायथ्याने रावेर, यावल, चोपडा, शिरपूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा असा सरळ पश्चिमेला जातो. नकाशावर डोंगर शेजारीच दिसतो, पण तुमच्या वाट्याला येतात केळीचे ट्रक आणि उसाच्या ट्रॉल्या. डिसेंबर म्हणजे ऊसतोडीचा ऐन हंगाम. ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, मागे दिवा नाही की चकाकणारी पट्टी नाही. थंडीपेक्षा मला याची भीती जास्त वाटते.

त्यापेक्षा सुरत–भुसावळ मार्गावरच्या गाडीने दोंडाईच्याला उतरा. सायकली सामानाच्या डब्यात बुक करायच्या, त्यासाठी स्टेशनवर तासभर आधी पोहोचा. दोंडाईच्याहून सारंगखेड्याला तापी ओलांडून शहादा चाळीसेक किलोमीटर आहे, अर्ध्या दिवसाचं काम. फक्त दत्तजयंती कधी आहे ते बघून घ्या. त्या दिवसांत सारंगखेड्याला एकमुखी दत्ताची यात्रा आणि घोडेबाजार भरतो, रस्ता माणसांनी फुललेला असतो आणि शहाद्यापर्यंत लॉजमध्ये खोली मिळत नाही. अडावदजवळच्या उनपदेवचा गरम पाण्याचा झरा तुमच्या यादीत होता. तो आता सुटेल, पण जळगावहून एका रविवारी होण्यासारखा आहे.

आता थंडी. तुम्ही विचारलंत पारा किती उतरतो. लाट आली की जळगावात पहाटे ७–८ अंश होतात हे तुम्हाला ठाऊक आहे. धुळ्यात तर कधी कधी ५ च्या खाली जातो. तोरणमाळ साधारण ११५० मीटर उंचीवर आहे. हजार मीटर चढलं की हवा सरासरी साडेसहा अंशांनी थंड होते, या हिशोबाने तिथे बर्फच पडायला हवा असं वाटेल. तसं होत नाही, कारण हा हिशोब दिवसाचा आहे, रात्रीचं गणित वेगळं चालतं. निरभ्र रात्री जमीन आपली उष्णता आकाशाला देऊन टाकते, जमिनीलगतची हवा गार आणि जड होते आणि पाण्यासारखी उताराने वाहत जाऊन खोलगट जागी साचते. म्हणून सातपुड्यात सगळ्यात गार जागा शिखरावर नसते, ती डोंगरांमधल्या बशीसारख्या सपाटीत असते. अक्कलकुवा तालुक्यातल्या डाब-वालंबा भागात दवबिंदू गोठल्याची बातमी दर दोन-चार हिवाळ्यांनी येते, ती याचमुळे. तिथे गवतावर, गाड्यांच्या टपावर पांढरा थर मी स्वतः बघितला आहे, आणि त्याच दिवशी दुपारी एक वाजता त्याच गावात शर्ट काढून बसलो आहे. आपल्या थंडीचं खरं रूप हेच. पहाटे ४ अंश, दुपारी २५. वीस-एकवीस अंशांची ही उडी रोज दोनदा सोसायची असते आणि सायकलवाला तिथेच फसतो.

तंबूच्या प्रश्नाचंही उत्तर यातच आहे. दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी धडगावच्या अलीकडे मी एका ओहोळाच्या काठी तंबू ठोकला. जागा देखणी होती, वाळू मऊ, पाणी हाताशी. रात्री दोननंतर झोप म्हणून लागली नाही. तंबूच्या आतून श्वासाची वाफ गोठून कापड कडक झालं होतं, पाठीखालची वाळू अंगातली ऊब ओढून घेत होती. पहाटे वरच्या पाड्यावरून एक पावरा आदिवासी आजोबा खाली आले, मला शेकोटीपाशी घेऊन गेले. त्यांचं घर ओहोळापासून जेमतेम चाळीस-पन्नास मीटर उंच होतं, आणि तिथे मला स्वेटर काढावासा वाटला. त्यांची सगळी घरं उतारावर का होती ते मला त्या दिवशी कळलं. तेव्हापासून मुक्काम कुठेही असो, आधी बघतो की गाव कुठे बसलं आहे. लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या जिथे घरं बांधली तिथेच झोपावं.

तर तंबू नेऊ नका. दीड-दोन किलो वजन, ओला झाला की अजून जास्त, आणि जंगलात मुक्कामाला वनखात्याची परवानगी लागते. शिवाय या डोंगरात बिबट्या आहे, अस्वल आहे. त्याऐवजी ५ अंशांपर्यंत पुरेल अशी झोपेची पिशवी आणि खाली घालायला फोमची चटई न्या. चटईला कमी समजू नका. थंडी वरून जेवढी लागते त्यापेक्षा खालून जास्त लागते. चटई हरवली तर कडब्याच्या दोन पेंढ्या अंथरून बघा, काम भागतं.

आता जे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते सांगतो, बाकीचं विसरलात तरी चालेल. सातपुड्यातली थंडी चढावर अंगात शिरते आणि उतारावर छळते. चढताना घाम येतो. कपडे आतून भिजतात, पण अंग तापलेलं असतं म्हणून कळत नाही. माथ्यावर पोहोचता, दोन मिनिटं दरी बघता, फोटो काढता आणि तसेच उतरायला लागता. उतारावर पाय फिरत नाहीत म्हणजे अंगात ऊब तयार होत नाही, समोरून वारा, आणि अंगाला चिकटलेला ओला कपडा. हवा ८ अंश असताना ताशी ४० च्या वेगाने उतरलात तर उघड्या कातडीला ती ३ अंशांसारखी लागते. हा झाला कोरड्या कातडीचा हिशोब. ओल्या अंगाचा त्याहून वाईट.

माझ्यासोबत हे घडलं ते तोरणमाळहून परतताना. दुपारभर तलावाच्या कडेने, सीताखाई दरीकडे असा फिरलो, वर-खाली करून पुरता घामाघूम झालो आणि पाच वाजता उतरायला लागलो. सातपायरी घाटाच्या वळणांवर ऊन केव्हाच गेलेलं होतं. तिसऱ्या-चौथ्या वळणावर लक्षात आलं की बोटं ब्रेकवर आहेत पण दाबली जात आहेत की नाही ते कळत नाही. डोळ्यांनी बघून खात्री करावी लागत होती. मी सायकल डोंगराच्या बाजूला घासत नेली आणि गवतात उतरलो. जॅकेटची चेन लावता येईना. दोन्ही हात काखेत घालून पाऊण तास बसलो, मग खाली राणीपूरपर्यंत चालत गेलो. मला काही झालं नाही. पण त्या वळणाच्या पुढे कठडा नव्हता, हे मी अजून विसरलेलो नाही.

तेव्हापासून माथ्यावरची माझी पद्धत ठरलेली आहे आणि माझ्यासोबत येणाऱ्या प्रत्येकाला ती पाळावी लागते. वर पोहोचलं की फोटोच्या आधी, पाण्याच्याही आधी, अंगातला ओला बनियन काढायचा. पिशवीत सगळ्यात वर ठेवलेला कोरडा घालायचा. त्यावर स्वेटर, त्यावर वारा अडवणारं जॅकेट, कानावर टोपी, हातात मोजे. मग काहीतरी गोड खायचं. मग दरी बघायची. तुम्ही बाई आहात, उघड्यावर कपडे बदलायची अडचण येईल, तर एक मोठी साधी चादर ठेवा, भाऊ धरेल. अवघड वाटलं तरी हे टाळू नका. चढताना याच्या बरोबर उलट : चढ सुरू व्हायच्या आधीच एक कपडा काढून ठेवायचा. सुरुवातीची पाच मिनिटं गार वाटलं पाहिजे. वाटत नसेल तर तुम्ही जास्त घातलं आहे.

सुती बनियन अजिबात नको. सूत घाम पितं आणि सोडत नाही. खेळाडूंचे मिळतात तसे पॉलिएस्टरचे पातळ बनियन तीन घ्या, महाग नसतात. वर लोकरीचा स्वेटर घरचाच चालेल, लोकर ओली झाली तरी थोडी ऊब धरते. जॅकेट मात्र पातळ आणि वारा अडवणारं हवं. जाड, कापूस भरलेलं, मोटरसायकलवाल्यांचं नको, त्यात चढावर माणूस उकडून निघतो. पैसे वाचवायचे असतील तर जुन्या सायकलवाल्यांचा उपाय आहे : उतरण्याआधी वर्तमानपत्राच्या दोन-तीन घड्या छातीवर, स्वेटरच्या आत सरकवायच्या. छाती कोरडी आणि गरम राहते. मी आजही करतो. हातमोजे दोन जोड, त्यातला एक पूर्ण बोटांचा. पायांच्या बोटांसाठी मोज्यांवर प्लॅस्टिकची पिशवी आणि मग बूट, पण हे फक्त उतारावर, नाहीतर पाय आतून भिजतात.

भावावर लक्ष ठेवा आणि त्याला तुमच्यावर ठेवायला सांगा, कारण थंडी लागलेल्या माणसाला आपलं आपल्याला कळत नाही. हुडहुडी भरली तर थांबायचं, कोरडं करायचं, गरम चहा आणि गूळ. जीभ जड झाली, साधा प्रश्न विचारला तर उत्तराला वेळ लागला, जॅकेटची चेन लावता येईना, ही पुढची पायरी आहे. आणि हुडहुडी थांबली पण माणूस गार आणि सुस्तच असेल तर त्याला बरं वाटतंय असं समजू नका. तिथे सायकल विसरायची, जवळचं घर, जवळची जीप गाठायची. आसरा आणि उब मिळेपर्यंत त्याला एकटं सोडायचं नाही. १०८ वर फोन लागला तर करा, पण डोंगरात बऱ्याच ठिकाणी रेंज नसते, म्हणून त्यावर विसंबू नका. धडगाव, मोलगी आणि अक्कलकुव्याला ग्रामीण रुग्णालयं आहेत, हे डोक्यात असू द्या.

दिवसाची आखणी किलोमीटरवर करू नका, उजेडावर करा. त्या आठवड्यात आपल्याकडे सूर्य सात-दहाच्या सुमारास उगवतो आणि सहाला मावळतो, म्हणजे पावणेअकरा तास. पण दरीत ऊन यायला साडेआठ होतात आणि साडेचारला ते निघून जातं. कामाचे आठच तास धरा. माझा नियम असा की चढ सकाळी नऊनंतर सुरू करायचा, मोठा उतार दुपारी बारा ते तीनच्या मध्ये उतरायचा, आणि साडेचारला मुक्कामाच्या गावात असायचं. पहाटे लवकर निघून ऊन टाळायची आपली खान्देशी सवय इथे सोडून द्या. मे महिन्यात ती बरोबर आहे, डिसेंबरात ऊन हाच तुमचा हीटर आहे. अंधार पडल्यावर सायकल चालवायची नाही, ना डोंगरात ना सपाटीवर. शहादा-तळोदा भागात उसाच्या शेतातही बिबट्या असतो, आणि त्या ट्रॉल्यांबद्दल वर लिहिलंच आहे.

मार्ग मी असा करीन. पहिल्या दिवशी दोंडाईचा ते शहादा. दुसऱ्या दिवशी शहादा ते तोरणमाळ, म्हसावद आणि राणीपूरवरून साधारण ५५ किलोमीटर. आकडा ऐकून हसू येईल, कारण तुम्ही अजिंठा करून आला आहात. पण चढाई हजार मीटरच्या आसपास आहे आणि राणीपूरपर्यंत त्यातली फारच थोडी संपते. बाकी सगळी पुढच्या वळणांत भरलेली आहे. राणीपूरला दहाच्या आत पोहोचा, पोटभर खा, बाटल्या भरून घ्या. सातपायरीला चालत ढकलावं लागलं तर खुशाल ढकला, ओझ्यासहित ताशी चार किलोमीटर चालत आणि साडेपाच सायकलवर, यात फारसा फरक नाही. तिसरा दिवस तोरणमाळलाच राहा. यशवंत तलाव, गोरक्षनाथाचं मंदिर, सीताखाई, आणि पायांना विश्रांती. राहण्याची सोय आधी फोनवर पक्की करा, ३१ डिसेंबरच्या आसपास तिथे गर्दी उसळते. तुमच्या तारखा दोन-तीन दिवस आधी सरकल्या तर फार बरं.

चौथा दिवस धडगाव. तोरणमाळहून डोंगरातल्या डोंगरात धडगावकडे जाता येतं, पण त्या वाटेची अवस्था दर पावसाळ्यानंतर बदलते. मोऱ्या वाहून जातात, दगड रस्त्यावर येतात, कधी काम चालू असतं. नकाशाच्या ॲपवर विश्वास ठेवू नका, तोरणमाळला जीपवाल्यांना विचारा. त्यांनी कालच गाडी नेलेली असते. वाट बरी नसेल तर सरळ म्हसावदला उतरून धडगावच्या रस्त्याने पुन्हा चढा. लांब पडतं, पण दिवसभरात होतं. आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा : धडगाव-मोलगीच्या उत्तरेला नर्मदेच्या दिशेने जाणारा कोणताही सुंदर उतार दिसला तर थांबून विचार करा. हे रस्ते खाली सरदार सरोवर धरणाच्या पाण्याच्या फुगवट्याला जाऊन संपतात. जेवढं उतरलात तेवढं संपूर्ण परत चढायचं, आणि तेही दुपार टळल्यावर. ज्या वर्षी हाताशी आठ दिवस असतील त्या वर्षी त्या बाजूला अवश्य जा.

पाचवा दिवस मोलगी. हा रस्ता मला सगळ्यांत आवडतो. सतत वर-खाली, मोठा घाट एकही नाही पण सपाटीही कुठे नाही, आणि प्रत्येक वळणावर अस्तंबा वेगळा दिसतो. सातपुड्यातलं हे शिखर साधारण १३२५ मीटर उंचीचं, अश्वत्थाम्याचं स्थान. दिवाळीत त्याची यात्रा भरते आणि माणसं रात्रभर चालून वर जातात. या पट्ट्यात घाई करू नका. भगर इथलीच घ्या, मोलगीची भगर सपाटीवरचे लोक मागवून घेतात. वजन वाटलं तर अर्धा किलोच घ्या.

सहाव्या दिवशी मोलगीहून देवगोई घाटाने अक्कलकुवा, पस्तीसेक किलोमीटर आणि बहुतेक उतार. डाबची स्ट्रॉबेरी या दिवसांत कुठे विकायला दिसली तर घ्या. थंडीमुळेच ती इथे पिकते. पुढे तळोदा, हातोड्याच्या पुलावरून तापी ओलांडून नंदुरबार. शहराबाहेर मिरची वाळत घातलेल्या पथाऱ्या असतील, शेतंच्या शेतं लाल. वारा तुमच्या दिशेने असेल तर नाकाला रुमाल बांधा, दमलेल्या फुप्फुसांना तो ठसका सहन होत नाही. उशीर झाला तर तळोद्याहून टेम्पोत सायकली टाका, त्यात काही कमीपणा नाही. तळोद्याहून चांदसैली घाटाने धडगाव असाही एक रस्ता आहे. तो अरुंद आहे, वळणं फार तीव्र आहेत. पहिल्या खेपेला ओझं घेऊन तो घेऊ नका.

खाण्याचं सोपं आहे. खान्देशचा हिवाळा म्हणजे खाण्याचेच दिवस. शहाद्यापर्यंत शेवभाजी, कळण्याची भाकरी, भरीत काय हवं ते मिळेल. डोंगरात दादर ज्वारीची किंवा मक्याची भाकरी, उडदाची डाळ, मिरची. यावर माणूस दिवसभर चढतो. दुपारच्या वेळी वाटेत हॉटेल सापडेल असं धरू नका, सकाळीच दोन-दोन भाकरी आणि ठेचा बांधून घ्या. सायकलवर असताना मात्र दर पाऊण तासाला थोडं थोडं खात राहा : शेंगदाणा-गुळाचे लाडू, खजूर, फुटाणे, केळी. भूक लागायची वाट बघितली तर उशीर होतो, आणि पोटात काही नसलं की थंडी दुप्पट वाजते. पाण्याचंही तेच. थंडीत तहान लागत नाही पण घाम जातच असतो. दोघांनी मिळून चढावर चार लिटर ठेवा. हातपंपाचं पाणी घ्या, ओहोळाचं घेतलं तर क्लोरीनची गोळी टाकून अर्धा तास थांबा.

माणसांबद्दल थोडं. सपाटीवर तुम्हाला अहिराणीत विचारतील, "कथा चालनात भाऊ?" म्हणजे कुठे चाललात. डोंगरात पावरी, भिली ऐकू येईल. मराठी पुष्कळांना येते, म्हाताऱ्यांना कमी. दादा, बाबा, ताई म्हणून हाक मारा आणि आधी आपण कोण, कुठले, कुठे जाणार ते सांगा. कोणाच्या ओट्यावर बसायचं तर विचारून बसा. रात्रीचा आसरा मिळाला तर निघताना पैसे हातात देण्यापेक्षा चहा, साखर, डाळ, तेल यातलं काही घेऊन द्या, ते सहज स्वीकारलं जातं. पैसे मागितले तर मात्र घासाघीस न करता द्या. मुलांना चॉकलेटं वाटत जाऊ नका. विचारल्याशिवाय कोणाचा, विशेषतः बायकांचा, फोटो काढू नका. आठवडे बाजाराचा दिवस कोणता ते आदल्या गावात विचारून ठेवा. त्या दिवशी जीपा भरलेल्या असतात आणि सायकल टाकायला जागा मिळत नाही, पण बाजार बघायला मिळतो.

सायकलीवर मी दिवसभर लिहू शकतो, पण तुमच्या कामाचं तेवढं सांगतो. पहिलं, काटे. सपाटीवर वेडी बाभूळ आणि सराटे, हे खान्देशातल्या प्रत्येक ट्यूबचे वैरी. डोंगरात काटा कमी पण धारदार खडी टायरची बाजू कापते. टायर ३५ ते ४० मिलिमीटर रुंदीचे घ्या, हवा छापलेल्या कमाल आकड्यापेक्षा थोडी कमी ठेवा. प्रत्येकी दोन ट्यूब, पॅच, सोल्युशन आणि जुन्या टायरचा बोटभर तुकडा. टायर फाटला तर तो आतून लावून घरी येता येतं. ट्यूबचा हवा भरायचा वाल कोणता आहे ते बघा. मोटरसायकलसारखा जाड असेल तर कुठल्याही पंक्चरवाल्याकडे हवा मिळेल. बारीक, लांब वाल असेल तर पितळेचा छोटा ॲडॅप्टर दोन नग घ्या, एक नक्की हरवतो. पंप स्वतःचा हवाच.

दुसरं, ब्रेक. निघण्याआधी ब्रेक शू किंवा पॅड नवे, केबल नवी, आणि लिव्हर इतकी घट्ट करून घ्या की बधिर बोटांच्या अर्ध्या ताकदीतही चाक थांबेल. उतारावर ब्रेक धरून ठेवू नका. दाबा, वेग मोडा, सोडा, पुन्हा दाबा. सतत धरला तर रिम इतकी तापते की ट्यूब फुटू शकते, आणि डिस्क असेल तर पॅड जळून गुळगुळीत होतो. दर दोन-तीन किलोमीटरला थांबून हात काखेत घाला, तेवढ्यात चाकंही निवतात. तिसरं, मागच्या गिअरचं हँगर, ज्यावर तो टांगलेला असतो तो ॲल्युमिनियमचा तुकडा. तुमच्याच मॉडेलचं एक जादा घेऊन ठेवा. सायकल रेल्वेत किंवा जीपवर चढवताना तो वाकतो, आणि शहाद्यापुढे तो कुठल्याही दुकानात मिळणार नाही, माझ्याकडेही प्रत्येक मॉडेलचा नसतो. चेन जोडायची कडी, स्पोकच्या दोन तारा, पाना-पेचकसाचा संच, इन्सुलेशन टेप. सामान मागच्या कॅरिअरवर दोन्ही बाजूंना सारखं, सगळं मिळून दहा-बारा किलोच्या आत. पाठीवर सॅक नको, तिच्याखाली पाठ भिजते, मग उतारावर तीच पाठ गारठते. मोबाइल आणि पॉवर बँक रात्री झोपेच्या पिशवीत घ्या, थंडीत बॅटरी लवकर बसते.

स्पीतीचं. तिथलं मुख्य गाव काझा साडेतीन हजार मीटरच्या वर आहे, तोरणमाळच्या तिपटीहून उंच. विरळ हवेची सवय सातपुडा तुम्हाला लावू शकत नाही. ती तिथेच जाऊन, तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर मुक्कामाची उंची रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त न वाढवता लावावी लागते. पण माथ्यावर कपडे बदलायची सवय, साडेचारला थांबायची सवय, बधिर बोटांनी पंक्चर काढायचा सराव, हे सगळं इथे होतं, आणि इथे चुकलात तर दोन तास खाली उतरलं की ऊन असतं. तिथे नसतं. म्हणून आधी इथे या.

आता एक काम करा. मागच्या चाकावरची सगळ्यात मोठी चकती आणि पुढची सगळ्यात लहान, दोन्हींचे दाते मोजा. पुढे २८ आणि मागे ३४ असेल तर पायडलच्या एका फेऱ्याला सायकल पावणेदोन मीटरच्या आत सरकते आणि मिनिटाला साठ फेऱ्यांनी ताशी सहा किलोमीटरने तुम्ही ओझ्यासहित सातपायरी चढाल. पुढे ४० च्या आसपास आणि मागे २८ असेल तर चढावर गुडघे दुखतील, निघण्याआधी फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चकत्यांचा संच, बदलावं लागेल. भावाच्या सायकलीचेही मोजा. आकडे कळवलेत की कोणतं फ्रीव्हील बसेल आणि त्याला चेन किती लांब लागेल ते सांगतो. दोंडाईच्याहून येताना शहाद्याला दुकानात थांबलात तर संध्याकाळी बसवूनही देईन.